दोनशे अकरा बोये

गुरुवारी सकाळी सात वाजताच बुरोंडीच्या किनाऱ्यावर रिक्षांची रांग लागते. दापोलीहून, खेडहून, अगदी संगमेश्वरहूनही माणसं येतात. वाळू संपते तिथे एक जुनं उंडीचं झाड आहे. त्याच्या फांद्यांना बोये टांगलेले आहेत. जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारा प्लास्टिकचा गोळा, तो बोया. पिवळे, नारिंगी, उन्हाने पांढरे पडलेले, आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने लिहिलेलं एक नाव. इथे येऊन जो बरा होतो तो आपल्या नावाचा बोया आणून बांधतो. एकदा बांधलेला बोया काढायचा नाही, अशी इथली रीत. गेल्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी ते मोजले. दोनशे अकरा होते.

झाडाखाली भिकाजीबुवा बसतात. तीस वर्षं त्यांनी होडीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, म्हणून काढली. पाण्याची खोली मोजायला जुने तांडेल दोरीला शिशाचा तुकडा बांधून सोडत, तसला अंगठ्याएवढा एक तुकडा त्यांच्याकडे आहे. तो वीतभर दोरीला बांधलेला असतो. दोरी बुवा स्वतः धरत नाहीत. रोग्याच्या घरच्याच माणसाच्या हातात देतात आणि आपण दोन हात लांब सरकून बसतात. चमत्कार म्हणतात तो हाच.

"मी कोण? मी नुसता दोरी देणारा," ते प्रत्येकाला सांगतात. "हे शिसं वीस वाव पाण्याखाली चिखल हाय की वाळू ते सांगतं. मग तुमच्या पोरीच्या अंगात काय हाय ते सांगायला त्याला एक्स-रे लागतो काय?"

मग नियम सांगतात. मानवणारं असेल तर शिसं गोल फिरेल, मानवणारं नसेल तर आडवं झुलेल. हात हलवायचा नाही. मन शांत ठेवायचं.

त्या गुरुवारी दोरी हिराच्या हातात होती. हिरा बुरोंडीचीच, दापोलीच्या बाजारात मासे विकते. तिचा नवरा गंगाराम ट्रॉलरवर असतो आणि पंधरवड्याने घरी येतो. त्यांची नऊ वर्षांची मुलगी हेतल हिला तीन वर्षांपासून फिट येतात. हिरासमोर बुवांनी केळीच्या पानावर दोन गोष्टी ठेवल्या: एकीकडे झाडाखालच्या धुनीची राख, दुसरीकडे हेतलच्या गोळ्यांची पट्टी.

राखेवर शिसं आधी थरथरलं आणि मग फिरू लागलं, हळूहळू मोठं वर्तुळ घेत. गर्दी पुढे सरकली. हिराने दोरी गोळ्यांवर नेली. शिसं थांबलं, अडखळलं आणि आडवं झुलायला लागलं. हिराचा हात दगडासारखा स्थिर दिसत होता. ती रडत होती.

बुवांनी गोळ्या समुद्रात टाकायला सांगितल्या. एकवीस दिवस राख पाण्यातून द्यायची आणि बाविसाव्या दिवशी बोया बांधायचा.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. त्याआधी पाच महिने, सप्टेंबरमध्ये, मी पेपरच्या बातमीसाठी याच झाडाखाली आलो होतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर मी स्वतः दोरी धरली होती आणि शिसं माझ्या हातातही आडवं झुललं होतं. संध्याकाळी पान लावायची घाई होती. 'विज्ञानालाही कोडं' अशा मथळ्याची तीन कॉलमी बातमी मी फोटोसकट दिली. बुवांनी तिचं कात्रण लॅमिनेट करून झाडाच्या बुंध्याला ठोकलं. हिराने ते वाचलेलं होतं.

हेतलच्या गोळ्या बंद झाल्याचं तिच्या आत्याला, मनिषाला, आठवड्याने कळलं. मनिषा गंगारामची धाकटी बहीण. ती दापोलीत कॉलेजात मानसशास्त्र शिकते. घरात वाद झाला. हिराचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीपासून गोळ्या चालूच आहेत, तरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोरीला पाच फिट आल्या. राख सुरू केली आणि सात दिवस एकही नाही.

"तुझं पुस्तक काय सांगतं ते तुझ्या पुस्तकाला विचार," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने बघितलंय."

गंगारामने फोनवर, तुम्ही दोघी काय ते ठरवा, एवढंच सांगितलं.

मनिषा तिला शिकवणाऱ्या नीरजाबाईंकडे गेली. नीरजाबाई पन्नाशीच्या, आंब्याची बाग असलेल्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बुवांना खोटं म्हटलं नाही. एकामागून एक प्रश्न विचारले. त्या पाच फिटच्या आधीच्या महिन्यात किती आल्या होत्या? एक. त्याच्या आधीच्या महिन्यात? एकही नाही. माणूस बुवांकडे कधी जातो, चांगल्या आठवड्यात की वाईट?

"सगळ्यात वाईट आठवड्यात," मनिषा म्हणाली.

"सगळ्यात वाईट आठवड्यानंतर येणारा आठवडा बहुतेक वेळा त्याहून बरा असतो. राख दिली तरी आणि नाही दिली तरी."

मग मनिषाने एक सूचना केली. ती तिने मला नंतर स्वतःच सांगितली, मान खाली घालून. एकवीस दिवस थांबून बघू, फिट आली की वहिनीला आपोआप कळेल, हाही एक प्रयोगच झाला.

"ज्यात पोर मरू शकतं त्याला प्रयोग म्हणत नाहीत," नीरजाबाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच संध्याकाळी बुरोंडीला येऊन हिराला समजावलं, गोळ्या अचानक तोडणं किती धोक्याचं असतं ते सांगितलं. डॉक्टरांशी फोन जोडून दिला. हिराने चहा दिला, ऐकून घेतलं आणि गोळ्या सुरू करायला नकार दिला. निघताना बाईंनी दोन गोष्टी केल्या. एका कागदावर, फिट कशाला म्हणायचं ते हिराकडूनच वदवून लिहून घेतलं: हातपाय ताठ होणं, डोळे वर जाणं, हाक मारल्यावर ओ न देणं. हिराने खाली सही केली. आणि दाराबाहेर आल्यावर त्यांनी मनिषाला विचारलं, "बरे होतात ते बोया बांधतात. बरे होत नाहीत ते काय बांधतात?"

ते काहीच बांधत नाहीत. झाडावर त्यांची खूण नाही. दोनशे अकरा बोये सगळ्यांना दिसतात, पण ते किती जणांमधले दोनशे अकरा, हे कुणालाच माहीत नव्हतं. बुवांनाही नाही.

त्यासाठी बोये बघून माणसं शोधायची नव्हती. कुठल्याही एका गुरुवारी आलेली सगळी माणसं शोधायची होती. अशी यादी कुणाकडे असणार? ती माझ्याकडे होती. सप्टेंबरच्या त्या दिवशी मी मोबाइलवर सकाळपासून दुपारपर्यंतचं चित्रण केलं होतं. बुवा दोरी देताना प्रत्येकाचं नाव आणि गाव मोठ्याने विचारतात. मला सोडून अठरा जण बसले होते. मनिषाने माझ्याकडून ते चित्रण घेतलं आणि चार दिवस कॉलेज बुडवून ती एसटीने गावोगाव फिरली.

सोळा जण सापडले. त्यांतल्या अकरा जणांचा बोया झाडावर नव्हता. कुणाची कंबर तशीच होती, कुणाची साखर चढली होती, खेडच्या एका दुकानदाराचं पाऊल कापावं लागलं होतं. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. अकराही जणांनी एकाच अर्थाचं काहीतरी सांगितलं: बाकी सगळे बरे झाले, आमचीच श्रद्धा कमी पडली. प्रत्येक घर आपण एकटेच उरलो असं समजून गप्प बसलं होतं.

पाच जणांचे बोये होते. एकीचा खोकला महिनाभरात गेला होता, तसा तो जातोच. दोघांना आता पुन्हा तोच त्रास सुरू झाला होता, पण बांधलेला बोया काढत नाहीत. एका मुलाला त्याचे आजोबा गुळातून गोळी देत होते आणि घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं.

पाचवा बोया बुरोंडीतच राहणाऱ्या मथुराच्या मुलाचा, सोहमचा. वय चौदा. आजार हेतलचाच. सप्टेंबरात शिसं फिरलं, गोळ्या बंद झाल्या, दोन महिने फिट आली नाही. नोव्हेंबरात लाल रंगाने नाव लिहून बोया लागला. डिसेंबरात सोहम खाडीत खेकडे पकडायला गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात मेला. गावाने तो बुडाला असं म्हटलं. लहानपणापासून पोहणारं पोर कमरेएवढ्या पाण्यात कसं बुडतं, हे कुणी विचारलं नाही. बोया झाडावरच राहिला. दोनशे अकरामध्ये तोही मी मोजला होता.

बाराव्या दिवशी हेतल शाळेत बाकावरून खाली पडली. हिरा तिला घेऊन आली आणि म्हणाली, "चक्कर होती. उन्हाची." मनिषाने सही केलेला कागद पुढे धरला. हात ताठ झाले होते का? हो. डोळे वर? हो. हाकेला ओ? हिराने कागद हातात घेतला, घडी करून डब्याखाली सरकवला आणि म्हणाली, "फिट असती तर शिशाने सांगितलं नसतं?"

म्हणजे आता शिशालाच विचारायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी, चौदाव्या दिवशी, नीरजाबाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि बुवांना परवानगी मागितली. वस्तू झाकून ठेवली तर शिसं ओळखेल का, एवढंच बघायचं होतं.

बुवा खूश झाले. गर्दी मोठी होती. "ओ बाई, वीस वाव पाण्याखालचं बघणारं शिसं करवंटीखालचं नाय बघणार? दहा ठेवा. दहाच्या दहा सांगेल."

"नऊ सांगितले तरी मी मानेन," बाई म्हणाल्या. "कमी आले तर?"

"कमी येणारच नाय."

बाईंनी हे लोकांसमोर दोनदा वदवून घेतलं. मग हिराला विचारलं, दोरी धरशील का, नको असेल तर नाही म्हण. हिरा हो म्हणाली. तिला बाईंना खोटं पाडायचं होतं.

आधी उघडं केलं. केळीच्या पानांवर दहा ठिकाणी कुठे राखेची पुडी, कुठे गोळ्यांची. पुड्या उघड्या, हिराला दिसणाऱ्या. शिसं राखेवर गोल फिरलं, गोळ्यांवर आडवं झुललं. दहापैकी दहा. गर्दीत एक बाई हात जोडून बसली.

मग ताडपत्री आडवी बांधली. तिच्यामागे नीरजाबाई एकट्या. दरवेळी नाणं उडवायचं, छापा आला तर राख, काटा आला तर गोळी, वर करवंटी पालथी. दहाही मांडून झाल्यावर त्या मागच्या मागे पाण्याकडे निघून गेल्या आणि गर्दीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आपल्या चेहऱ्यावरूनही कुणाला काही कळू नये, असं त्यांनी आधीच मनिषाला सांगितलं होतं. हिराला करवंट्यांपर्यंत मनिषा घेऊन गेली. कुठे काय आहे हे मनिषालाही ठाऊक नव्हतं. लिहून घ्यायला मी.

शिसं पहिल्या करवंटीवर नुसतंच थरथरलं. हिराने वर बुवांकडे बघितलं. बुवांनी झाडाकडे बघितलं. बऱ्याच वेळाने शिसं गोल फिरलं. दुसरीवर आडवं. असं दहाव्यापर्यंत. मग मनिषाने एकेक करवंटी उचलली.

चार बरोबर. सहा चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण पाच बरोबर आले असते.

बुवांनी घसा साफ केला. "हिराच्या मनात शंका आलीय. शंकेच्या हातात शिसं फिरत नाय."

"उघड्यावर दहाच्या दहा आले तेव्हा शंका कुठे गेली होती?" मनिषाने विचारलं.

"मग तुम्हीच धरा, बुवा," पाण्याकडून परत आलेल्या नीरजाबाई म्हणाल्या.

"माझा खांदा धरलाय."

"तुमच्याकडे शिसं आहे ना?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. बुवांच्या खांद्याला तीस वर्षं जाळं ओढताना काही झालं नव्हतं.

तेवढ्यात मागून मथुरा पुढे आली. सोहम गेल्यापासून ती या झाडाखाली आली नव्हती. तिने हिराच्या हातातून दोरी घेतली. नीरजाबाईंनी तिला ओळखलं. मनिषाने तिची हकीकत त्यांना सांगितलेली होती. त्या पटकन आडव्या आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मथुराताई, तुम्ही नका. याची गरज नाही."

"मला हाय," मथुरा म्हणाली. "माझ्या हातात लय जोरात फिरलेलं. लोक बघत राहिलेले."

पुन्हा ताडपत्री, पुन्हा नाणं. शिसं तिच्या हातात खरोखरच जोरात फिरलं, मोठी, गोल, सुरेख वर्तुळं घेत. ज्या करवंटीवर ते सगळ्यात छान फिरलं, तिच्याखाली गोळी निघाली. दहापैकी सहा बरोबर.

"सहा!" बुवा म्हणाले. "सहा म्हणजे पास."

त्यांनी स्वतः दहा म्हटलेलं सगळ्यांना आठवत होतं.

मथुरा उठली नाही. दोरी हातात तशीच होती. "बाई, म्हणजे फिरवत कोण होतं?"

मला वाटलं, नीरजाबाई सांगणार नाहीत. मग त्या वाळूत तिच्यासमोर बसल्या.

"बोटं," त्या म्हणाल्या. "दोरीच्या वरच्या टोकाला बोट केसाएवढं हललं तरी खाली शिसं बोटभर जातं. आपल्या मनात जे व्हावं असं असतं, किंवा होईल अशी भीती असते, त्याप्रमाणे बोटं हलतात. आपल्याला कळतही नाही. माझीसुद्धा हलतात. या पत्रकारांचीही हलली. कुठे फिरायचं ते बुवांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि समोर काय आहे ते आपल्याला दिसत असतं. झाकलं की बोटांना काही कळत नाही. तुम्ही फिरवलं नाही, ताई. ते तुमच्या नकळत झालं."

"पण बोटं माझीच ना."

"हो."

"मला गोळ्यांचा कंटाळा आलेला," मथुरा म्हणाली. "रोज दोन वेळा. पोर झोपाळू व्हायचं. मला वाटायचं, बंद व्हाव्यात. ते शिशाला कसं कळलं, याचंच मला तेव्हा नवल वाटलेलं."

ती उठून झाडाकडे गेली. खालच्याच फांदीवर लाल अक्षरांचा बोया होता. गाठ मिठाने आवळली होती, सुटेना. तिने दातांनी सोडवली. रीत मोडली म्हणून कुणी हटकलं नाही. बोया पदराखाली घेऊन ती घराकडे निघाली. बुवांनी तिला हाक मारली नाही. ते शिशाकडे बघत होते. मला वाटतं, त्यांचा त्या शिशावर खरोखरच विश्वास होता. पण सोहमचा दहावा त्यांच्या घरापासून चार घरांवर झाला होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी त्यांनी त्याचा बोया मोजून दाखवला होता. हातचलाखी लागलीच नाही. मेलेल्याचा बोया मोजत राहणं पुरलं.

हिराने हेतलला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मनिषाला तिने एकच विचारलं, "दवाखाना आता उघडा असेल?"

किनाऱ्यावरच्याच एका रिक्षाने त्या दापोलीला गेल्या. डॉक्टरांनी औषध नव्याने बसवायला दोन महिने घेतले. त्यात हेतलला आणखी दोनदा फिट आली. ती बरी झालेली नाही, तिचा आजार औषधाने आवाक्यात आहे. असं वाक्य बोयावर लिहिता येत नाही.

मी माझं कात्रण बुंध्यावरून काढलं. पेपरने आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. मूळ बातमी तीन कॉलमी होती.

गुरुवारची गर्दी निम्मी झाली, संपली नाही. लांबच्यांना काही माहीत नाही. त्यांना झाड दिसतं आणि बोये दिसतात. मनिषा आता दर गुरुवारी रिक्षाथांब्यावर वही घेऊन बसते. कुणाला अडवत नाही. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि तक्रार विचारते. जे सांगतात त्यांचं लिहून घेते आणि तीन महिन्यांनी फोन करते. बऱ्या झालेल्यांनाही आणि न झालेल्यांनाही. आतापर्यंत तिच्या वहीत चौऱ्याण्णव नावं आहेत.

तुमच्याही गावात असं एखादं झाड असेल. ते झाड नसेल, तर फोटो लावलेली एखादी भिंत असेल, एखादा व्हिडिओ असेल, माझ्यासारख्याची बातमी असेल. माझं सांगणं एवढंच आहे. बरे झालेले किती, हे कुणी सांगितलं की आलेले किती, हे विचारा. ज्याच्या हातात दोरी आहे त्याला आधीच काय दिसतंय, ते बघा, आणि ते झाकून पुन्हा करायला सांगा. यश कशाला म्हणायचं ते आधी लिहून घ्या, नंतर नाही. यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. दहा करवंट्या आणि एक नाणं पुरतं. आणि हे सगळं होईपर्यंत मुलाच्या गोळ्या बंद करू नका.

त्या दोनशे अकरांपैकी झाडावर आता दोनशे दहा बोये आहेत. एक मथुराच्या घरात, सोहमच्या दप्तराशेजारी, खुंटीला आहे. बरं झाल्याची खूण म्हणून तो आता कुणी मोजत नाही.